लाळेत टिकणारं जेल

थंड लागताच कळ येणाऱ्या दातांसाठी आम्ही प्रयोगशाळेत जेल बनवत होतो. काढलेल्या दातांवर ते छान चिकटायचं, पण लाळेत बुडवलं की सुटायचं. एका दुपारी आमच्या मॅडम मान कलती करून, एकाच गालातून पाणी पिताना दिसल्या.

"तुमचेही दात दुखतात?" मी विचारलं.

"सवय झाली आता."

दुखऱ्या बाजूला वळसा घालत माणसं जेवतात, हसतात आणि त्यालाच बरं असणं म्हणतात. मला ते पटेना. मी नवं मिश्रण घोटायला घेतलं. तेही सुटलं, त्यानंतरचंही. अखेर एक लाळेत राहूनही हललं नाही. मॅडमनी ते नखाने खरवडून पाहिलं.

"माणसांवर चाचणी सुरू झाली," त्या म्हणाल्या, "की पहिलं नाव माझं घाल."