वाकडी रांग

मल्हारगंजच्या कृष्णराव लांभात्यांना कुणी ‘राहू द्या’ म्हटलं की संपलं. मग ते काहीच राहू देत नाहीत. पणजोबा होळकरांच्या फौजेत, हे स्वतः हवाई दलात फिटर. विमानाचा पत्रा फाटला की रिव्हेट मारून जोडायचा, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. घरातल्या कुकरचं हँडलसुद्धा ते दुसऱ्या कुणाला बसवू देत नाहीत.

पलासियाजवळच्या बागेत वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरलेलं एक जुनं विमान चौथऱ्यावर चढवणार असं कळलं, तेव्हा म्हातारा चालतच तिकडे गेला. शेपटीवरचा नंबर बघितला आणि तडक पुढे गेला. विमान त्यांच्याच तुकडीचं होतं. पण डाव्या पंखाच्या कडेवरून हात फिरवला, तर सगळं गुळगुळीत.

“इथला जोड कुठे गेला?”

ठेकेदार नचिकेत तसा गोड बोलणारा. “पुट्टी भरून टाकली ना, काका. वाकडा दिसत होता, सेल्फीत खराब येतो भिया. उद्या पेंट होऊन जाईल. राहू द्या.”

झालं. कृष्णरावांनी रंगाऱ्याच्या हातातली पत्ती घेतली आणि पुट्टी खरवडायला लागले.

“काका, पुलिस बोलवावी लागेल हां.”

“बोलव. पुट्टीखाली सात रिव्हेट सरळ निघतील, पुढचे तीन वाकडे. नाही निघाले तर मी गुपचूप घरी जातो.”

मजूर भोवती जमले. पुट्टी सुटत गेली. सात सरळ, तीन वाकडे.

“तुम्हाला कसं काय माहीत?” नचिकेतनं विचारलं.

“मीच मारलेत. पक्षी आदळून पंख फाटला होता. घाईत माझा हात सरकला, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पण तपासणीत जोड पक्का निघाला, म्हणून तसाच ठेवला. त्यावर हे विमान नऊ वर्षं उडालं, आणि वर गेलेला एकही पोरगा खाली यायचा राहिला नाही.”

“पण चूक तर तुमचीच दिसेल ना, काका. लोक हसतील.”

“हसू देत, माझ्या नावानं हसतील. तू गुळगुळीत केलंस तर हे कधी उडालंच नव्हतं असं वाटेल.”

रंग लागला, पण जोड उघडा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी पंखाकडे बोट दाखवलं. “हे काम कोणी बिघडवलं?”

नचिकेत मागे सरकला. इस्त्रीचा सदरा घातलेले कृष्णराव पुढे आले.

“मी,” ते म्हणाले. “या, जवळून बघा.”