अगस्ती नशिबाने सापडला नव्हता

आमच्या घरात असे सांगितले जाते की, त्या संध्याकाळी अगस्तीचा तारा मला केवळ नशिबाने सापडला. पुण्याचे माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे धाकटे बंधू, ही कथा प्रत्येक लग्नकार्यात सांगतात आणि पत्नी त्यांना दुरुस्त करत नाही. तेव्हा ते काम मलाच करावे लागत आहे.

दर हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमातल्या आमच्या गच्चीवर मी ओळखीच्या मराठी कुटुंबांना नक्षत्रे दाखवतो. त्या वर्षी, फेब्रुवारीच्या अखेरीस, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मेहुणे आले आणि त्यांनी पिशवीतून नक्षत्रांची फिरती तबकडी काढली. तिच्या कडेवरची तारीख आणि वेळ एकमेकींसमोर आणली की लंबगोल खिडकीत त्या घटकेचे आकाश दिसते. वस्तू सुबक होती, हे मी तेव्हाही नाकारले नव्हते.

“उद्याचा कार्यक्रम मी घेतो, भाऊजी,” ते म्हणाले. “तुम्ही नुसत्या बोटाने दाखवता. त्याला शास्त्र लागतं.”

“मग आज संध्याकाळी या शास्त्रावरून अगस्ती दाखवा. ज्याला सापडेल, त्याचा कार्यक्रम.”

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुपारी जेवणाच्या टेबलावर तबकडी तपासताना तिच्यावर पूर्व डावीकडे छापलेली मला आढळली. माझी सारी नोकरी जमिनीचे नकाशे तपासण्यात झाली. त्यांत पूर्व उजवीकडे असते. मी लाल शाईने चूक सुधारली आणि खाली सही केली. ती चूक नव्हती. तबकडी डोक्यावर धरून खालून पाहायची असते, आणि तशी धरली की पूर्व आपल्या जागी येते. हे मला पंधरा मिनिटांत उमगले. मेहुण्यांच्या कथेत त्याला दोन तास लागतात.

आठच्या सुमारास आम्ही तिघे गच्चीवर गेलो. मेहुण्यांनी तबकडी डोक्यावर धरली. मृग सापडला, व्याध सापडला. पण व्याधाच्या खाली, तबकडीप्रमाणे जेथे अगस्ती हवा, तेथे काहीच नव्हते.

“छापलाय तर इथेच,” ते म्हणाले. “तुमच्या ग्वाल्हेरला धूळ फार.”

“आणि ती नेमकी एकाच ताऱ्यावर बसते?”

“अहो, फैसला करा लवकर,” पत्नी म्हणाली. “भाजी थंडी होते आहे. दोघांनाही नाही सापडला, तर उद्या मीच घेईन कार्यक्रम.”

मी तबकडीच्या पाठीवरचा मजकूर वाचला. ती पुण्याच्या अक्षांशासाठी केलेली होती. पुण्याहून ग्वाल्हेरला येताना ध्रुव जितका वर चढतो, तितकेच दक्षिणेचे तारे खाली उतरतात. फरक साडेसात अंशांच्या आसपास; लांब धरलेल्या हाताची मूठ दहा अंशांची. म्हणजे पाऊण मूठ खाली. तेथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. मी पश्चिमेच्या कोपऱ्यात सरकलो आणि टाकीच्या उजव्या कडेने अगस्ती बाहेर आला.

मेहुण्यांच्या मते मी त्या कोपऱ्यात शाल घ्यायला गेलो होतो. शाल तेथे होती, हे खरे. पण शाल घ्यायला निघालेला माणूस हात लांब करून मूठ धरत नाही. ती मूठ पत्नीने पाहिली होती.

“पाहिली,” ती म्हणाली. “मला वाटलं, याच्यावर उगारताय.”

मेहुण्यांनी कोपऱ्यात येऊन अगस्ती पाहिला. मग तबकडी माझ्या हाती देत म्हणाले, “पुण्यात हा इतका तांबूस दिसत नाही.” हार मान्य करण्याची ही त्यांची रीत आहे.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम मीच घेतला. उत्तरेची बाजू मात्र मी आपणहून त्यांच्याकडे सोपवली. तेथे ध्रुव आहे आणि तो जागचा हलत नाही. त्यांनी त्या एका ताऱ्यावर पाऊण तास काढला, आणि लोकांनी तो ऐकून घेतला. मला दहा मिनिटे पुरली असती.