धाकूकाकांचं जोतं

धाकूकाका गवंडी पाणसळ विकत घ्यायला आले की दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडत. माझ्या घराच्या कामासाठी आम्ही रत्नागिरीला गेलो, तेव्हा त्यांनी काउंटरवर पाणसळ ठेवली, बुडबुडा कुठे थांबतो ते वाकून पाहिलं, मग टोकं फिरवून तीच पाणसळ त्याच जागी पुन्हा ठेवली. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी थांबला तर ती खरी. चार पाणसळी नापास झाल्यावर दुकानदार वैतागला. "काका, पाणसळ घेताय की सून बघताय?"

"सून येकदा बगितली तरी चालतं," काका म्हणाले. "हत्यार दोनदा बगाय लागतं."

देवरूखजवळच्या आमच्या गावातली अर्ध्याहून अधिक जोती त्यांच्या हातची. लांबचे कोपरे एका पातळीत मिळवायला ते पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरत. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं काकींच्या. दोघं एकमेकांकडे न बघता पाण्याकडे बघत बोलत. "उचल... जरा खाली... ऱ्हा." एवढ्या शब्दांत त्यांनी जन्मभर घरं उभी केली. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी काका सगळं पाणी ओतून पुन्हा भरत. "पान्याला कोनाची भीड नाय," म्हणत.

मी मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला, म्हणजे गावाच्या हिशेबी शहाणा. जोत्याचा शेवटचा चिरा बसत आला तेव्हा मी मुंबईहून पातळी दाखवणारं लेझरचं यंत्र घेऊन आलो. वाटेत एका खड्ड्यात गाडी अशी उडाली की यंत्राची पिशवी सामानाच्या फळीवरून खाली आपटली. मी ती उचलून परत वर ठेवली आणि विसरलो.

उन्हात त्या यंत्राची रेघ दिसत नाही, म्हणून मी दिवेलागणीला ते लावलं. तांबडी रेघ बघायला सगळी वाडी जमली. रेघेप्रमाणे जोत्याची पडवीकडची बाजू चांगली बोटभर खाली दिसत होती.

काकांनी विचारलं, "दादा, ह्याची परीक्षा केलात काय?"

"कंपनीने केली आहे."

काकांनी नळी आणली, काकींनी टोक धरलं. पाणी सारखं होतं. "बगा तुमी," ते म्हणाले, "नळीत फरक नाय."

मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण जमलेली माणसं आणि हातातलं महागडं यंत्र, दोन्ही डोक्यात गेली होती. मी म्हणालो, "नळीत नाही काका, डोळ्यांत फरक आहे. उतरले आता तुमचे डोळे." सगळे हसले. काकी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती बाजू बोटभर उचलून रेघेला मिळवली, थापी धुतली आणि गेले. धाकूची नजर गेली, हे गावभर झालं. ठरलेली दोन घरं दुसऱ्या गवंड्याकडे गेली. त्यानंतर त्यांना कोणी जोतं घालायला बोलावलं नाही. कुंपणाचे दगडी गडगे रचायला बोलवत. गडग्याला पाणसळ लागत नाही.

पुढच्या पावसात पडवीतलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी घरात येऊ लागलं. लादीवाल्याने माझं यंत्र भिंतीसमोर लावलं, रेघेवर खूण केली, यंत्र उलटं फिरवून पुन्हा लावलं. रेघ खुणेवर आली नाही. "साहेब, हे कधी पडलं होतं काय?" मी नाही म्हणालो.

काकांना सांगायचं मी वर्षभर ठरवत राहिलो. तोवर ते गेले. बाराव्यानंतर काकींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या रडतील, निदान मला शिव्या तरी घालतील.

"आमाला तवाच कळलंवतं," त्या म्हणाल्या. "पान्याचं टोक माज्या हातात होतं. पन दादा, तुमी बोललात वाडीसमोर. आता चुलीजवळ येऊन मला कशाला सांगताव? वाडीला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

शिमग्यात पालखी माझ्या अंगणात आली. सगळी वाडी होती, मागे काकी उभ्या होत्या. गाऱ्हाणं घालणाऱ्याने मला विचारलं, "दादा, देवासमोर काय सांगायचं हाय?"

मी हात जोडले आणि म्हणालो, "काही नाही. सगळ्यांना सुखी ठेव."