पाचव्या गाण्यानंतरची आत्या

माझी संगीताची आवड तीन अल्बमांनी घडवली, आणि त्यातल्या तिसऱ्या अल्बममध्ये पाचव्या गाण्यानंतर आमची यमुनाआत्या बोलायची. अल्बम विरहगीतांचा होता. आत्या वारलेली होती.

हसा! पहिल्यांदा ऐकणारे सगळेच हसतात. आमच्याकडे मात्र त्या वेळी कोणी हसलं नव्हतं. एक जण तर पंगतीतून ताट घेऊन पळाला होता आणि ते ताट अजून परत आलेलं नाही.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या जवळ. माझे वडील, म्हणजे भाऊ (आम्ही बापाला भाऊच म्हणायचो), लग्नांना मांडव आणि लाउडस्पीकर पुरवायचे. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर आणि तीन कॅसेटी, एवढाच संसार. सकाळी मांडवात गणपतीच्या गाण्यांचा अल्बम. नवरदेव आला की बँडच्या चालींचा. आणि पंगती बसल्या की विरहगीतं. लग्नात ही रडकी गाणी कशाला, असं कोणी विचारलं की भाऊ शांतपणे म्हणायचे, "लोकं कमी जेवतात. मुलीच्या बापाला बरं पडतं."

त्यामुळे गाणं म्हणजे आंब्याच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून येणारी खरखर, ही माझी ठाम समजूत. पुढं मुरबाडला कॉलेजात असताना एका बाईंना समोर बसून गाताना ऐकलं, तर मला वाटलं यांच्यात काहीतरी बिघाड आहे. खरखरच नाही!

यमुनाआत्या भाऊंची थोरली बहीण, आणि पंचक्रोशीतली धवलारीण. लग्नातल्या प्रत्येक विधीला जी गाणी लागतात त्यांना आमच्याकडे धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. पण आत्या नुसती गायची नाही. गाता गाता सगळ्या मांडवाला कामाला लावायची. पाट कुठं, कलश कुठं, कोण मधेच आलं, कोणाचा पदर लोंबतोय... आत्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. नवरा-नवरी घाबरून वेळेत लग्न लावून घ्यायचे.

एका वैशाखात घोळ झाला. एकाच दिवशी दोन लग्नं, आणि दोन्हीकडं आत्या पाहिजे. भाऊंनी युक्ती काढली. आत्याला चुलीपुढं बसवलं आणि कोऱ्या कॅसेटवर तिचे धवले भरून घेतले, मधल्या हुकमांसकट. एका लग्नात आत्या स्वतः, दुसऱ्यात आत्या झाडावर. दोन्ही लग्नं उत्तम पार पडली. उलट झाडावरच्या आत्याला मधे चहा द्यावा लागला नाही, म्हणून ते लोक जास्त खूश!

पुढच्या आठवड्यात विरहगीतांची कॅसेट यंत्रात अडकून तुटली. भाऊंकडं दुसरी कोरी कॅसेट नव्हती.

"यमुनाताय, तुझ्यावर भरू का गो?" भाऊंनी विचारलं.

"भर की," आत्या भाकरी थापत म्हणाली. "परत म्हनीन. मी काय लगेच मरते का?"

भाऊंनी शेजारच्यांच्या टेपवरून गाणी भरायला घेतली. पाच गाणी भरली आणि लाइट गेली. उरलेली नंतर भरू म्हणून राहिलं ते राहिलंच. आणि आत्या महिना संपायच्या आत गेली. परसात भेंडी तोडता तोडता बसली, ती बसलीच. मी खूप रडले. तिच्या वेणीला येणारा धुराचा वास मला अजून आठवतो.

सुतक फिटल्यावर भाऊंना धसईत एक लग्न मिळालं. भर दुपार. वाऱ्याची झुळूक नाही, मांडवाची झालरसुद्धा हलत नव्हती. मुहूर्ताला अवकाश, म्हणून पंगत आधीच बसली होती. पाचवं गाणं संपलं. भोंग्यातून नुसती खरखर, खरखर... आणि झाडावरून आत्या कडाडली,

"उठव गो तिला! दारात बसू नये!"

आणि उंबऱ्यावर खरोखरच नवरीची मामी बसली होती! ती अशी उडाली की भाताची बादली सांडली. (ताट घेऊन पळाला तो याच वेळी.)

"नवरीला पाट द्या. तोंड उगवतीला करा."

दोघांनी पाट आणून ठेवला. नवरीचं तोंड मावळतीला होतं, ते तिनं स्वतःच फिरवलं. भाऊ हातातला घास टाकून यंत्राकडं धावले, तर नवरीच्या आजोबांनी काठी आडवी घातली.

"हात लावशील तर बघ! यमुना बोलतेय, बोलू दे तिला!"

बोलली की! पार शेवटपर्यंत बोलली. मेलेल्या बाईच्या हुकमाबरहुकूम त्या दिवशी लग्न लागलं, आणि शेवटी लोकांनी अॅम्प्लिफायरसमोर नारळ फोडला. नारळाचं पाणी आत गेलं, आणि भाऊंचा अॅम्प्लिफायर जन्मभर थोडा खाकरतच राहिला.

घरी आल्यावर आईनं भाऊंना कॅसेटला हातच लावू दिला नाही. तिनं ती सरळ देव्हाऱ्यात ठेवली. आमच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात, चांदीचे, छोटे. त्यांच्या शेजारी आत्या, साठ मिनिटांची. रोज सकाळी आई टाकांना हळदकुंकू वाहायची आणि कॅसेटलाही वाहायची. चिमूटभर टाकांना, चिमूटभर कॅसेटीच्या भोकात.

आई शेतावर गेली की दुपारी मी ती हळूच काढून ऐकायचे. घरात कोणी नसायचं. कौलांतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगायची, आणि आत्या मला म्हणायची, "उठव गो तिला!" मी मागं वळून बघायचे. दारात कोणीच नसायचं. तरी रोज बघायचे. टेपच्या बॅटऱ्या उतरल्या की आत्याचा आवाज जड, पुरुषी व्हायचा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मला भीती वाटायची, आणि बंदही करवायचं नाही. एवढं तिचं वेड मला होतं.

माझ्या हळदीला भाऊंनी हीच कॅसेट लावली. आत्या बोलली, हळद लागली आणि लग्न होऊन मी शहापूर तालुक्यात आटगावला आले. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं सीडी प्लेयर घेतला होता. माझ्या आवडीचा म्हणून विरहगीतांचा तोच अल्बम त्यानं शोधून आणला, लावला आणि शेजारी येऊन बसला. पाचवं गाणं संपलं. मी डोळे मिटून वाट बघतेय, तर सहावं गाणं सुरू!

"अहो, हे काय?" मी किंचाळले. "आत्या कुठंय?"

"कोण आत्या?"

"वारलेली हो! आता बोलणार होती ती!"

नवरा उठून बाहेर गेला तो शेजाऱ्यांकडंच जेवला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या दंडाला काळा दोरा बांधला. नंतर मी सगळं नीट समजावून सांगितलं, पण दोरा काही कोणी सोडला नाही.

तर गेल्या वैशाखात माझ्या लेकीचं, प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडचा. हळद आमच्या आटगावच्या घरी. भाऊ आता नाहीत. त्यांचा धंदा माझा धाकटा भाऊ दिगू बघतो. भोंगे गेले आणि डीजे आला, माणसापेक्षा उंच स्पीकर. सगळी तयारी झाली आणि आई अडून बसली.

"धवल्याबिगर हळद लावायची नाय."

"आई, आता धवलारीण कुठून आणू?"

"यमुना हाय की," आई म्हणाली, आणि पिशवीतून कॅसेट काढून तिनं माझ्या हातात ठेवली. पार पिवळीधमक! "तुला तिच्या शब्दावर हळद लागली. हिलाबी तशीच लागंल. नायतर मी हात लावनार नाय."

प्राची म्हणाली, "आजीचा हात लागल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही." दोघी एकाच हट्टाच्या. तेवढ्यात मुरबाडहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. त्यांना परत जायची घाई. मुलाची मावशी तर पहिल्यापासूनच जरा तोऱ्यात होती. "आमच्याकडं असलं काय नसतं हो. अर्ध्या तासात लावताय, का हळद ठेवून निघू?" लेकीच्या अंगाला पहिली हळद लावायला तिची आजी नाही, आणि ही बया हे गावभर सांगणार!

दिगूनं कुठून तरी जुना कॅसेटचा डेक पैदा केला आणि डीजेला जोडला. तो मांडवामागं यंत्राशी, मी पुढं हळदीची वाटी घेऊन. दुपार टळत आली होती, पण झाडाचं पान हलत नव्हतं. कॅसेट सुरू झाली. गाणं येत होतं, पण कसं? लांबलेलं, ओढलेलं, गाणाऱ्याला कोणीतरी पाण्याखाली धरल्यासारखं. आलेली पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली. दुसरं गाणं, तिसरं, चौथं. पोरं आयांना चिकटून बसली. आई हात जोडून स्पीकरकडं बघत होती.

पाचवं गाणं संपलं. खरखर. मग खट्ट, आणि खरखरही बंद.

असली शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. कावळासुद्धा ओरडेना. माझ्या मानेवर काटा उभा राहिला. आणि आवाज आला. वरून नाही, स्पीकरमधून नाही, अगदी जवळून.

"उठव गो तिला! दारात बसू नये!"

उंबऱ्यावर वारा खात मुलाची मावशी बसली होती. ती अशी उडाली की तिची चप्पल तुळशीत पडली!

"नवरीला पाट द्या. तोंड उगवतीला करा."

पाट आला. प्राची बसली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आली गो, यमुना आली!" आणि तेवढ्यात मांडवामागून दिगू बाहेर आला. चेहरा पांढराफटक. दोन्ही हातांना कॅसेटची टेप गुंडाळलेली, वर हळदकुंकवाचा राडा.

"ताय," तो कसाबसा बोलला, "टेप तुटली गो. हळदीनं जाम झालेली. मी तर वायरपन काढली. मग... बोललं कोन?"

बायका मागं सरकल्या. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग माझ्या ध्यानात आलं, सगळा मांडव माझ्याकडं बघतोय. प्राची डोळे फाडून बघतेय. माझा नवरा तर दाराकडं सरकायलाच लागला होता.

अहो, ती मीच होते! पाचवं गाणं संपलं की पुढं काय, हे लहानपणापासून माझ्या हाडांत मुरलेलं. टेप थांबली आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. आणि आवाज? पत्र्यावर वाळू! तो माझ्या गळ्यात कधी येऊन बसला, देव जाणे. मी वाटी खाली ठेवली. मला माझीच भीती वाटत होती.

आई मात्र जराही घाबरली नाही. तिनं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "थांबली का? फुडं म्हन!"

मी म्हटलं. सगळंच्या सगळं म्हटलं, जिथं आत्या ठसकायची तिथं ठसकले, जिथं चुलीला फुंकर मारायची तिथं फुंकर मारली. आईनं प्राचीच्या गालाला हळद लावली. मावशी शेवटपर्यंत उभी होती. जाताना माझ्या पाया पडली आणि तुळशीतली चप्पल इथंच विसरून गेली.

तेव्हापासून मला बोलावणी येतात. खर्डीपासून धसईपर्यंत हळद असली की मी पाहिजे. परवा तर एकाच दिवशी दोन लग्नं निघाली. दिगूनं मला मोबाइलसमोर बसवून सगळे धवले भरून घेतले, आणि दोन्हीकडं छान झालं. काल तो घरी आला. मी भाकऱ्या थापत होते.

"ताय, मोबाइल फुल झालाय. नवीन गानी टाकायचीत. तुझं डिलीट करू का? परत म्हनशील ना?"

"कर की," मी म्हटलं. "परत म्हणीन. मी काय लगेच..."

तवा तसाच ठेवला, पीठभरल्या हातानं पर्स घेतली आणि रिक्षा करून शहापूरला गेले. दिगूला मेमरी कार्ड आणून दिलं. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं.