वर आई आल्यावर

आम्हा सगळ्यांना राजवाडा दाखवणाऱ्या सरदारने तो स्वतः कधीच पाहिला नव्हता. मिरजेचा हा माणूस बर्लिनमध्ये गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. आम्ही तिथे शिकणारी पोरं त्याला तोंडावर दादा म्हणायचो आणि मागे सरदार, कारण भारतातून कुणाचेही पाहुणे आले की तो त्यांना रविवारी पोट्सडामला न्यायचा. बर्लिनचे राजे उन्हाळ्यात तिथे राहायला जात. सोनेरी पुतळ्यांचा चहाचा मंडप, झाडीत लपलेले छोटे महाल, हे सगळं तो अशा थाटात दाखवायचा की परवाच सातबारा त्याच्या नावावर झालाय.

त्याचा एक हट्ट होता. मुख्य महाल खालूनच बघायचा. कारंज्यापाशी उभं राहिलं की समोर द्राक्षवेलींचे टप्पे, मधोमध शंभरावर पायऱ्या आणि माथ्यावर तो पिवळा, बैठा महाल. "हे दर्शन चुकवायचं नाही, गेनाऊ," असं जर्मनमधलं 'अगदी नक्की' जोडत तो पाहुण्यांना वर पिटाळायचा आणि स्वतः खाली बाकावर बसून राहायचा. "वर मी आई आल्यावर जाणार." परत आलेल्यांनी तोंड उघडलं की हा लगेच हात वर करायचा. "वरचं काही सांगायचं नाही. मला तिच्याबरोबर बघायचंय." आम्ही त्याची टिंगल करायचो, पण सांगत कुणी नव्हतं.

त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, मी फोनवरच ओळखत होतो. त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. सरदारचं पालुपद ठरलेलं. "आधी ऑपरेशन कर आई, मग ये. एवढ्या पायऱ्या तुला झेपायच्या नाहीत." एकदा फोन स्पीकरवर होता. काकू म्हणाल्या, "राजवाडा थांबेल रे बाळा. मी किती थांबू?" तो हसला. मलाही तेव्हा हसूच आलं.

हिवाळ्यात तिथले संगमरवरी पुतळे लाकडी खोक्यांत बंद करून ठेवतात, थंडीने तडकू नयेत म्हणून. ती खोकी अजून निघायची होती तेव्हा काकू झोपेतच गेल्या. सरदार मिरजेला जाऊन, त्यांचे दिवस करून परतला.

एप्रिलमध्ये एका रविवारी तो आपणहून म्हणाला, "चल, वर जाऊन येऊ." पाऊस होता म्हणून आम्ही स्टेशनवरून बस धरली. ती बस महालाच्या मागे थांबते. आम्हा बाकीच्यांना ती वाट माहीत होती, पण वरचं काही सांगायचं नाही म्हणजे नाही.

आमच्याबरोबर एक जर्मन म्हातारी उतरली, चाकांचा वॉकर ढकलत. सावकाश चालत ती थेट महालाच्या दारापर्यंत गेली. वाटेत तिला एकही पायरी लागली नाही. सरदार तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"इथून तर सपाट आहे रे," तो म्हणाला.

आम्ही आत न जाताच परतीच्या बसमध्ये बसलो.

पुढे तो नोकरी बदलून दूर दक्षिणेत गार्चिंगला गेला. पाहुण्यांना फिरवणं त्याने सोडून दिलं. मला नोकरी लागल्यावर मी त्याला फोन केला आणि बोलता बोलता म्हणालो, "आईला आणायचं आहे, पण तिची शुगर जरा आटोक्यात येऊ दे."

तो म्हणाला, "शुगर इथेही मोजता येते. तू तिकीट काढ."