ज्यांच्यासाठी मागता, त्यांना विचारा

शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच शाळेत अडकले. आमच्या घराजवळ कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिकेनं एका परदेशी धर्मादाय संस्थेकडे अनुदान मागायचं ठरवलं. संस्थेचे नियम इंग्रजीत, आणि मी जन्मभर जबलपुरात इंग्रजी शिकवलेलं. "दीदी, ये आप ही पढ़ सकती हैं," त्या म्हणाल्या. मी फुलून गेले आणि ते जाडजूड पुडकं घरी घेऊन आले.

रोज सकाळी मी ते जेवणाच्या टेबलावर पसरून बसायची. आमचे हे चहा घेत बघायचे. "मागण्यासाठी एवढा अभ्यास करून राहिली तू? बी.ए.ला तरी केला होता का?"

अर्ज मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी होता. बडा फुहाऱ्याच्या बाजारात माझ्या भाच्याचं तसलंच दुकान आहे. "मग त्याच्याचकडून घेऊ ना, काहून दुसरीकडे जायचं?" हे म्हणाले. मी नियमावर बोट ठेवलं : अर्ज करणाऱ्यांच्या नातेवाइकांकडून खरेदी चालणार नाही. भाच्याला सांगितलं तर तो खो खो हसला आणि त्यानंच मला इतर दुकानदारांचे पत्ते दिले.

परदेशातून पैसा घ्यायला लागणारी सरकारी परवानगी शाळेकडे आधीपासून होती. नियमाप्रमाणे अर्जात दुसऱ्या देशातली एक जोडीदार मंडळीही हवी होती. ती संस्थेनंच गाठून दिली : एका बर्फाळ गावातले निवृत्त लोक. राहिला एकच नियम. ज्यांच्यासाठी मागता, त्यांना आधी विचारा. मला वाटलं, ही नुसती औपचारिकता. अर्ज तर आम्ही लिहूनच ठेवला होता.

एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉलवर पडद्यावर ती मंडळी दिसली. त्यांच्यात पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते, जन्मापासून बहिरे. त्यांची बायको शेजारी बसून त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगणार होती. पण आम्ही नमस्कार म्हणण्याआधीच आजोबांनी दोन्ही हात उचलून काहीतरी खूण केली. आमची मुलं ताडकन सरळ बसली.

देशोदेशींच्या खुणा वेगळ्या असतात, हे मला तेव्हा कळलं. आजोबांनी काहीतरी दाखवलं की मुलं माना हलवायची आणि आपली खूण करून दाखवायची. शहपुऱ्याकडची एक मुलगी पुढे आली. तिनं दोन्ही तळहात उभे धरून नदीकाठचे उंच कडे केले, मग एका हाताची होडी करून ती डुलवत डुलवत पुढे नेली. आमचा नर्मदेवरचा भेडाघाट! आजोबांनीही तिकडे होडी वल्हवली, आणि ती कड्यावर आपटल्याचं नाटक केलं. सगळा हॉल हसत सुटला. माझं इंग्रजी मांडीवर हात ठेवून गप्प बसलं होतं.

मग आजोबांनी बायकोमार्फत विचारलं, "तुम्हाला काय हवं?" मुख्याध्यापिकेनं प्रश्न खुणांनी मुलांना सांगितला. त्या मुलीनं जरा विचार केला आणि भराभर हात चालवले. मुख्याध्यापिका अडखळत सांगू लागल्या, "ती म्हणते, यंत्रं द्या. पर छुट्टी में घर जाती हूँ तो कोई मुझसे बात नहीं करता. माझ्या आईला हातांनी बोलायला शिकवा."

त्याबरोबर बाकीचे हात वर झाले. माझ्या बाबांना. माझ्या दादीला. माझ्या भावाला पण.

आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. ज्यांना उपयोग होईल त्यांना यंत्रं, आणि घरच्यांसाठी खुणांचे वर्ग. अनुदान संपल्यावरही काम चालायला हवं, असा नियम होता. शिकलेले पालक नव्यांना शिकवतील, असं आम्ही लिहिलं. मंजुरी आली त्या सकाळी हे स्वतः जाऊन खव्याची जिलबी घेऊन आले आणि रस्त्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून वाटत सुटले.

पहिल्या रविवारच्या वर्गाला त्या शहपुऱ्याकडच्या मुलीची आई बस पकडून आली. "खाना खाया?" एवढंच तिला आधी शिकायचं होतं. शेतातल्या कामानं तिची बोटं ताठ झालेली. खूण भलतीच झाली. मुलगी पोट धरून हसली, मग तिनं आईची बोटं एकेक करून नीट लावली. वर्ग सुटला तरी दोघी कडुलिंबाखाली बसून होत्या, हात थांबत नव्हते. शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून मी सांगायला गेले, तर दोघींनी माझ्याकडे न बघताच तळहात दाखवून मला थांबवलं.