सखाराम मास्तरांचे तेराशे ब्याण्णव

दापोलीच्या बाजारात मी मोटारीची वाट पाहत उभा होतो. खोतांचा कारकून समोरून आला आणि छत्री मिटवीत म्हणाला, "कळलं का नाना? तुमचा तो खोट्या दगडाचा मास्तर खपला परवा." आणि हसला. मी 'अरेरे' म्हणालो आणि पानाचा डबा पुढे केला. त्याने सावकाश चुना लावला, मीही लावला... याला सहा आठवडे झाले, पण त्या पानाची चव तोंडातून जात नाही. किळस येते ती कारकुनाची नव्हे. तो दगड खोटा ठरवला मी. बारा वर्षे हे कोणाला सांगितले नाही. आज सत्तरी उलटल्यावर सांगतो आहे, तेही मास्तर ऐकायला उरले नाहीत तेव्हा. भेकडाला मुहूर्त सापडतो तो असा.

सखाराम मास्तर भंडाऱ्याचे. बुरोंडीपासून कोसभर आतल्या आमच्या गावी ते शाळेत शिकवीत. मी गावचा जोशी. आमची गट्टी जमली ती सालांमुळे. शेजारच्या बंदरातल्या वृद्ध काझींकडे चालत जाऊन मास्तर जुन्या कागदांतले अरबी आकडे शिकून आले होते. साध्या चिठ्ठीच्या माथ्यावरही ते चार साले लिहीत: शके, संवत, हिजरी आणि जुन्या दप्तरांतले मृगसाल. मी चेष्टा करी, "मास्तर, हे पत्र म्हणायचं की पंचांग?" ते म्हणत, "नाना, चार साक्षीदार आहेत ते. चौघांचं जमलं की माणसाला खोटं म्हणता येत नाही." पुढे त्यांनाच खोटे म्हटले गेले, आणि चौघांचे जमत असताना.

कातळाखालच्या झऱ्याशी केवड्याच्या बनात आम्हा दोघांना तो दगड सापडला. वरती चंद्र-सूर्य, मधे अक्षरे, खाली शापाचे गाढव. अशा दगडाला आमच्याकडे गधेगाळ म्हणतात. लेख मोडील त्याच्या आईला गाढवाची शिवी, असा त्याचा अर्थ. मास्तरांनी ओला कागद दगडावर बसवला, काजळीच्या बोळ्याने ठसा घेऊ लागले. वाऱ्याने कागदाची कड उठू लागली, ती मी अंगठ्याने दाबून धरली. अक्षरे वर आली... शके तेराशे ब्याण्णव, विकृती संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया, सन सबैन समानमया, म्हणजे अरबी शब्दांत मृगसाल आठशे सत्तर. आणि पुढे, हे पाणी सकळांस मोकळे. अक्षय्यतृतीयेला पाण्याचे दान द्यावे ही आपली रीत. तेव्हाच्या कोणा भल्या माणसाने घागर न देता झराच दिला होता.

आणि गावात तोच झरा महारवाड्याला बंद होता. तिथल्या बायका खाडीकाठच्या खड्ड्यातले मचूळ पाणी गाळून पीत. मास्तर ठसा घेऊन अण्णा खोतांकडे गेले आणि म्हणाले, दगडच सांगतो आहे, आता झरा मोकळा करा.

देवळाच्या सभामंडपात गाव जमला. महारवाड्यातल्या बायका पायऱ्यांखाली उन्हात उभ्या होत्या, रिकामे हंडे घेऊन. अण्णांनी कुठूनसे एक कोष्टक मिळवले होते. शकातून पाचशे एकवीस वजा केले की मृगसाल मिळते. "तेराशे ब्याण्णवातून पाचशे एकवीस गेले, राहिले आठशे एकाहत्तर. दगड म्हणतो सत्तर!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर, दगड कोरलात तो कोरलात, निदान वजाबाकी तरी धड करायची!" मंडप हसला. खांबामागून धोंडू कुणबी म्हणाला, "पन मिरग लागल्याबिगर नवा साल कसा लागंल ओ?" "गप रे धोंड्या, तू आपला नांगर धर!" पुन्हा हशा.

खरे उत्तर तेच होते. ज्याला सही करता येत नव्हती त्याने ते दिले होते. शक बदलतो चैत्रात, संवत दिवाळीला, हिजरी चंद्राबरोबर सगळ्या ऋतूंतून फिरते, आणि मृगसाल बदलते मृग लागल्यावर. वैशाखात मृग कुठला? तेव्हा मागलेच मृगसाल चालू असते, म्हणून त्या तिथीला पाचशे बावीस वजा करायचे. शके १३९२, संवत १५२६, हिजरी ८७४, मृगसाल ८७०, इंग्रजी १४७०. साक्षीदारांचा मेळ चोख बसतो. मला हे त्या दिवशीही तोंडपाठ होते.

मास्तर माझ्याकडे वळले. "नाना, सांगा ना," एवढेच म्हणाले. माझ्या लेकीचे, गोदीचे, लग्न अण्णांच्या पुतण्याशी ठरले होते, मार्गशीर्षातला मुहूर्त मीच काढला होता. मी उगाच पंचांगाची पाने चाळली, आणि म्हणालो, "जमत नाही." दगड सापडला तेव्हा मी तिथे होतो, हेही बोललो नाही. हंडे रिकामेच परत गेले.

गोदी सुखात आहे, तीन मुले आहेत. मला कसली शिक्षा झाली नाही, आणि याचीच सर्वांत जास्त घाण वाटते. दगड खोतांच्या परड्यात पालथा घातला आहे, त्यावर धुणी आपटतात. मास्तर रत्नागिरीला निघून गेले. दर अक्षय्यतृतीयेला त्यांचे कार्ड येई. माथ्यावर चार साले, खाली 'सर्व क्षेम'. मी एकाचेही उत्तर दिले नाही.

गेल्या पंधरवड्यात रत्नागिरीला जाऊन वहिनींना भेटलो. त्यांनी आधी पाणी पुढे ठेवले. तो पेला उचलवेना... मग ट्रंकेतून कागदाची सुरळी काढली. "हे म्हणायचे, नाना आले की द्या. मी म्हणायची, ते कसले येतायत!" सुरळी उलगडली. 'सबैन' शब्दाच्या शेजारी, काजळीत, माझा अंगठा स्वच्छ उठला आहे. एकेक रेघ मोजावी असा.

त्या दिवशी सभेत हीच सुरळी मास्तरांच्या काखेत होती. उलगडून अंगठा दाखवला असता तर गावाला कळले असते की जोशी तिथे हजर होता. सगळ्यांसमोर मी खोटा पडलो असतो. त्यांनी ती उलगडली नाही. मी आपणहून बोलेन, म्हणून थांबले होते.

तो ठसा मी आता ओटीवर लावला आहे, ज्या खुंटीला पंचांग असे तिथे. दगड अजून पालथाच आहे, उलटायला चार गडी पुरतील. मुहूर्त विचारायला आलेली माणसे भिंतीकडे पाहतात. "नाना, ह्यो अंगठा कोनाचा ओ?"

मी सांगतो.